शॉवरची मूठ

"दार लोटून घे, आणि पोराला मांडीवर घे," सासरे मला म्हणाले. "मग सांगतो. आमच्या ओळखीच्या नळवाल्याच्या बाबतीत घडलंय. त्याच्याच तोंडून ऐकलंय."

"म्हणजे निम्मी थाप," धाकटे दीर म्हणाले.

"रात्री एकटा बाथरूमला जाशील ना, तेव्हा बघू."

मग सासरे सांगू लागले.

मागच्या जानेवारीतला शेवटचा शनिवार. जेवणं उरकायच्या वेळेला नळवाल्याला फोन आला. जुनं घर आहे, शॉवर गळतोय, आत्ताच या. घरमालकाची बहीण सकाळी येणार होती. आई गेल्यावर पहिल्यांदाच.

नळवाला गेला. बघतो तर भिंतीतल्या व्हॉल्व्हला मूठच नाही. नुसता पितळी दांडा, त्यावर पकडीचे ओरखडे.

"मालक, पकडीनं शॉवर सोडता होय? आवळून आवळून आतला वायसर खाल्लात की."

"मूठ मीच काढून ठेवलीय. आई विसरायची. शॉवर तसाच सोडून झोपायची. टाकी रिकामी व्हायची."

"मग त्या आंघोळ कशा करायच्या?"

"मी सोडून द्यायचो ना पाणी. घरी असलो की."

"आणि नसलात की?"

मालक फरशीकडे बघत हळूच म्हणाला, "बसून राहायची. शॉवरखाली, स्टुलावर. टॉवेल घेऊन... बहिणीला यातलं काही माहीत नाही. मी फोनवर सांगायचो, आई मजेत आहे."

नळवाल्यालाच कुठं बघावं कळेना.

जुनी मूठ मालकानं कपाटातून काढली, शर्टांच्या घड्यांखालून. तिला आईनं खुणेसाठी लाल धागा गुंडाळला होता. "ही नको," तो म्हणाला. "बघवत नाही मला. नवी बसवा." आणि ती परत आत ठेवून कपाटाला कुलूप लावलं.

नळवाल्यानं बाहेरचा कॉक बंद केला. वायसर बदलला. नवी स्टीलची मूठ बसवून स्क्रू आवळला. हात धुवायला दोघं स्वयंपाकघरात गेले. पिंपातलं पाणी घेतलं, कारण घरातले नळ सगळे कोरडे.

तेवढ्यात बाथरूममधून आवाज आला.

शॉवरचा.

कॉक बंद होता...

दोघं दारापर्यंत गेले. आवाज थांबला. दाराआडचं स्टूल शॉवरखाली आलेलं. ओलं. वाफा निघत होत्या.

नळवाल्यानं कॉक उघडला, पिशवी उचलली आणि निघाला.

"पळाला म्हणा," दीर म्हणाले. पण आवाज बारीक झाला होता.

पुढचं नळवाल्याला मालकानंच सांगितलं. सकाळी बहीण आली. आंघोळ करून केस पुसत बाहेर आली. "दादा, आईची मूठ तशीच ठेवलीस रे. लाल धाग्यासकट. किती जपलंस तिला."

मालकाला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

त्यानं आत जाऊन पाहिलं. व्हॉल्व्हवर जुनीच मूठ. मग मात्र त्यानं बहिणीला सगळं सांगितलं. मूठ, पकड, स्टूल... काही हातचं राखलं नाही. ती म्हणाली, "कुठं लपवायचास? दाखव."

किल्ली मालकाच्याच खिशात होती. त्यानं कुलूप काढलं. शर्टांच्या घड्या उचलल्या.

घड्या कोरड्या. खाली नवी मूठ.

ओली... आणि अजून कोमट.