मयताला नेलेला कॅमेरा

पिराजी कांबळे घरातून निघाला तोच मुळी रागात. दोन हजार सात साल होते, एप्रिलचा महिना, सकाळचे साडेदहा. रोल धुऊन देणारी लॅब बंद होऊन पंधरा दिवस झाले होते. चाळीस वर्षे रोलवर फोटो काढलेल्या माणसाला आता डिजिटल कॅमेरा घेणे भाग होते, आणि भाग पडून केलेली कुठलीच गोष्ट पिराजीला आवडत नसे.

बरोबर मुलगी सोनम होती. आई गेल्यापासून घर आणि स्टुडिओतला कॉम्प्युटर दोन्ही तीच सांभाळत होती. कोल्हापुरात राजारामपुरीतल्या एका मोठ्या दुकानात दोघे शिरले. विकणारा पोरगा विशीतला. त्याने नवा कॅमेरा पिराजीच्या हातात ठेवला आणि हसून म्हणाला, "काका, हिकडनं डोळा लावायचा. आन् ह्याला रोल लागत न्हाय बरं का."

"मग काय लागतंय? अक्कल?" पिराजी म्हणाला. "ती तुझ्याजवळ हाय व्हय?"

बाहेर आल्यावर सोनम म्हणाली, "आबा, नवाच घेऊया की. गॅरंटी मिळत्या."

"गॅरंटी कॅमेऱ्याची मिळत्या. फोटोची कोण देतोय? जुनं हत्यार निदान पारखून घेता येतं."

तिने पुढे वाद घातला नाही. बापाशी वाद घालून उपयोग नसतो हे तिला शाळेत असल्यापासून ठाऊक होते.

पेपरात एक जाहिरात आली होती. मलकापूरचा फोटोग्राफर गणपती शेलार धंदा बंद करतोय, डिजिटल कॅमेरा विकणे आहे. दुसऱ्या दिवशी दोघे रत्नागिरी रस्त्याच्या एसटीत बसले.

शेलारचे घर गल्लीच्या टोकाला होते. बाहेरच्या खोलीत स्टुडिओ. भर दुपार, बाहेर डोळे दिपवणारे ऊन, आणि आत काळा पडदा ओढलेला. सुकलेल्या झेंडूचा आणि जुन्या उदबत्तीचा वास कोंडून राहिला होता. भिंतींवर फोटोच फोटो. गिऱ्हाइकांनी न नेलेले असावेत. बहुतेक म्हातारी माणसे, खुर्चीत बसलेली, गळ्यात हार, डोळे टक्क उघडे.

"आबा," सोनम हळूच म्हणाली, "सगळी आपल्याकडंच बघत्यात."

"फोटो हाईत. बघणारच."

पडद्याआडून गणपती शेलार भिंत चाचपत आला. डोळ्यांवर काळा चष्मा. दिसत नव्हते त्याला. त्याने कॅमेरा टेबलावर ठेवला आणि हात असा झटकन मागे घेतला, जसा तव्यावरून घेतात.

पिराजीने पारख सुरू केली. टॉर्च मारून लेन्समध्ये बुरशी आहे का पाहिले. पांढऱ्या भिंतीचा फोटो काढला आणि धुळीचे ठिपके दिसतात का ते सोनमकडून तपासून घेतले. स्क्रू निरखले. कॅमेरा कधी खोलला असेल तर स्क्रूच्या खाचा झिजतात. या झिजल्या नव्हत्या. खटका कानाशी धरून दहा वेळा ऐकला. खणखणीत होता.

"बॅटरी किती टिकत्या?"

"दिवसभर."

"पडलाय कधी?"

"न्हाय."

एक प्रश्न राहिला होता. कोल्हापूरकडचा फोटोग्राफर जुना कॅमेरा घेताना तो सगळ्यांत आधी विचारतो. मयताला नेलता काय? मेलेल्या माणसाचे फोटो काढायचा कॅमेरा धंद्यात वेगळा ठेवतात. तो लग्नाला नेत नाहीत, बारशाला नेत नाहीत, आणि विकायचा झालाच तर समोरच्याला सांगून विकतात.

पिराजीला या रिवाजाची चीड होती. फोटोग्राफरांच्या बैठकीत टेबलावर मूठ आपटून तो बोलला होता, "मेलेला माणूस कॅमेऱ्याला चावतोय व्हय? लाज वाटू द्या जरा!" त्याच्या बापाने छप्पन साली दीक्षा घेतली आणि भूत, करणी, अंगारा हे सगळे त्याच दिवशी घराबाहेर काढले. त्या बापाचा पोरगा हा प्रश्न विचारणार नव्हता. पोरीसमोर तर नाहीच.

गणपती शेलार मात्र थांबून राहिला होता.

"आणि काय इचारायचं हाय का, पावणं?"

"न्हाय."

"इचारा की... मी खोटं बोलत न्हाय."

"न्हाय म्हटलं न्हवं!"

शेलारने एक लांब श्वास सोडला. "मग एक माणसाचा फोटो काढून बघा. भिंतीवरनं काय कळतंय? पोरगी हाय न्हवं संगं?"

पिराजीने सोनमला खिडकीशी उभे केले, पडदा थोडा सरकवला. उजेड तिच्या तोंडावर पडला. आईसारखे घारे डोळे होते तिचे. त्या उजेडात ते मधासारखे दिसले. खट्. फोटो झकास आला. पिराजीने कॅमेरा घेतला.

दुसऱ्याच दिवशी सकाळी शेजारच्या गल्लीतली विठाबाई वारली. तिचा मुलगा स्टुडिओत आला, डोळे लाल झालेले.

"पिराजीमामा, आईचा जित्तेपणीचा एक बी फोटो न्हाय. भिंतीवर लावायला पायजे. डोळं तेवढं उघडून द्या."

हे काम नवे नव्हते. पूर्वी मयताच्या फोटोवर ब्रशने डोळे काढत. आता कॉम्प्युटरवर कुणाच्या तरी फोटोतले डोळे उचलून बसवतात. पिराजीने मुद्दाम नवाच कॅमेरा उचलला. वेगळा बिगळा काही नाही, हे त्याला सगळ्या गल्लीला दाखवायचे होते.

विठाबाईला खुर्चीत बसवले होते. मागून सुनेने मान धरली होती. नाकात कापूस, कपाळावर मोठे कुंकू, पापण्या घट्ट मिटलेल्या. बायकांचे रडणे थोडे थांबले. पिराजीने कॅमेरा डोळ्याला लावला. खट्.

कॅमेऱ्याच्या मागच्या छोट्या पडद्यावर फोटो उमटला. विठाबाईचे डोळे उघडे होते.

पिराजीने मान वर केली. खुर्चीतल्या बाईच्या पापण्या मिटलेल्याच. एक माशी डाव्या पापणीवर बसली होती, तीही हलली नव्हती. त्याने पुन्हा फोटो काढला. खट्. फोटोत माशी होती. पण ती आता उघड्या बुबुळावर बसली होती.

तेवढ्यात मुलगा खांद्यावरून डोकावला.

"आई बघत्या की हो!" तो मोठ्याने रडू लागला. "अशीच बघायची ती. अगदी अशीच..."

पिराजीने कॅमेरा पिशवीत कोंबला. घरी आला आणि जेवला नाही. यंत्र बिघडले असेल, दुसरे काय! एवढे बोलून त्याने कॅमेरा कपाटात टाकला. फोटो मोठा करून द्यायचे काम सोनमने त्याच संध्याकाळी केले. "आबा, डोळं कसं उघडलंसा? मस्त जमलंय," असेही ती म्हणाली. पिराजीने ऐकले नाही असे दाखवले.

दुसऱ्या दिवशी सकाळी दहा वाजता ती दारात मेथी निवडत बसली होती. ऊन थेट तिच्या तोंडावर होते.

"आबा," ती म्हणाली, "लाईट गेली काय?"

पिराजीने तिच्याकडे पाहिले. ती हाताने परात शोधत होती.

डोळ्यांच्या डॉक्टरने दोनदा तपासले. तो म्हणाला, डोळे ठणठणीत आहेत. मग दिसत का नाही, असे पिराजीने विचारले, तेव्हा डॉक्टरने पुन्हा तेच सांगितले. पिराजीने त्यालाही चार शब्द सुनावले. घरी येऊन त्याने कपाट उघडले आणि कॅमेऱ्यातला विठाबाईचा फोटो पुन्हा पाहिला. या वेळी नीट पाहिला. सत्तर वर्षांच्या सुरकुतलेल्या तोंडात, मधासारखे घारे डोळे. ते त्याने चोवीस वर्षे रोज पाहिले होते.

त्याच दुपारी तो मलकापूरला उतरला. वाटेत मनात शिव्या जुळवत होता.

गणपती शेलार ओट्यावर बसला होता. काळा चष्मा नव्हता. मांडीवर पेपर पसरून तो वाचत होता. पावलांचा आवाज आला तशी त्याने मान वर केली आणि पिराजीला खालपासून वरपर्यंत न्याहाळले.

"या पावणं. आवाजावरनं तुम्ही उंच असशीला असं वाटलं हुतं."

पिराजी रागाने ओट्यावर चढला. त्याने शेलारची गचांडी धरली.

"माझ्या पोरीला दिसत न्हाय!"

"ठावं हाय. शुक्रवारी सकाळी मला दिसाय लागलं, तवाच कळलं."

"आणि तू हितं पेपर वाचतोस, भाड्या?"

"सोडा. सांगतो." शेलारचा आवाज खाली आला. "तीन वरसं मी मयतांचं फोटो काढलं. गिऱ्हाइकांचं डोळं उचलायचो, मयताला जोडायचो. मग एक दिवस जोडायची गरजच ऱ्हायली न्हाय. कॅमेऱ्याला सवय लागली. शेवटी ज्या जित्या माणसाचा फोटो काढला, त्याचं डोळं पुढच्या मयताला जात्यात. दुसऱ्या कुणाचं गेलं, की पहिल्याला परत दिसतंय. हितल्या एका बाईचं डोळं गेलं. कच्ची बाळंतीण हुती. तिला परत मिळावं म्हणून मी सवता आरशासमोर उभा ऱ्हाऊन माझाच फोटो काढला, मग पुढच्या मयताचा. आठ महिनं अंधार बघितला. आंधळ्यानं फोटो कसा काढायचा, सांगा? घरातलं कुणी हात लावंना. मग विकला."

"सांगून विकायचा रिवाज हाय!"

"तुम्ही इचारलं न्हाईसा." शेलार त्याच्या डोळ्यांत बघत म्हणाला. "बॅटरी इचारलासा. पडलाय का इचारलासा. मी थांबलो हुतो. दोनदा म्हटलं, इचारा. इचारलं असतं तर खरं सांगितलं असतं, पोरीची शपथ."

"तुला पोरगी हाय?"

"हाय की."

पिराजीने पिशवीतून कॅमेरा ओढून काढला आणि थेट शेलारच्या तोंडावर रोखला. खट्.

पडद्यावर शेलार आला. हात मांडीवर, तोंड शांत, आणि डोळे घट्ट मिटलेले.

"खटक्याआधी डोळं कवा मिटायचं, एवढं तरी मला कळतंय, पावणं," तो म्हणाला. त्याने पेपराची घडी घातली, आत गेला आणि कडी लावली.

पिराजीने दारावर लाथा घातल्या. गल्लीतली माणसे जमली. शेवटी एका म्हाताऱ्याने त्याला हाताला धरून स्टँडवर आणून सोडले.

पिराजीचा विश्वास बसला नव्हता. पण घरी आल्यावर त्याने कॅमेरा हाताच्या अंतरावर आपल्याच तोंडासमोर धरला आणि डोळे ताणून उघडले. खट्. फोटोत एक संतापलेला म्हातारा दिसला. आता पुढचे मयत तेवढे राहिले होते.

स्टुडिओच्या दारावर त्याने पाटी लावली. मयताचे फोटो काढून मिळतील, कुठल्याही वेळी. ज्यांना त्याने भर बैठकीत खडसावले होते ते फोटोग्राफर पाटी वाचून हसत गेले. त्याने हसू दिले.

शेजारची धोंडुबाई रोज भाकरी आणि कालवण घेऊन येई. ऐंशीची बाई, छातीत कफ भरलेला. सोनमच्या हाताला धरून ताटातले काय कुठे आहे ते दाखवी. "हितं चटणी हाय, लेकी. हितं पाणी." चार दिवस आली. पाचव्या दिवशी आली नाही. भिंतीपलीकडे ती खोकत पडली होती.

पिराजी त्या भिंतीला पाठ लावून बसला. आपण कशाची वाट बघतोय हे त्याला कळत होते. सगळ्या आयुष्यात त्याने कुणाचे वाईट चिंतले नव्हते. भांडला, शिव्या दिल्या, पण तोंडावर. आता एकेक खोकला तो मोजत होता आणि दोन खोकल्यांमधले अंतर वाढले की त्याचा हात आपोआप कॅमेऱ्याच्या पिशवीकडे जात होता. स्वतःच्या त्या हाताचा त्याला इतका संताप आला, की त्याने कॅमेऱ्याची बॅटरी काढली, समोर टेबलावर ठेवली, पिशवीची चेन ओढली आणि हात मांडीखाली दाबून बसला.

ऊन उतरत होते. विठाबाईच्या घरातून कुणीतरी उदबत्ती लावल्याचा वास येत होता. आतून सोनम पाय घासत आली, चौकट चाचपली आणि थांबली.

"आबा..."

"काय?"

"धोंडुबाईचा खोकला थांबला वाटतं."

दोघेही ऐकत राहिले. भिंतीपलीकडे काही नव्हते. साधा श्वासही नव्हता.

"आबा, तुम्ही रडतासा काय?"

पिराजीने टेबलाकडे पाहिले. बॅटरी टेबलावर, त्याच्या डोळ्यांसमोर होती. आणि बंद पिशवीत, एखाद्या तोंडावर नजर बसवताना लेन्स फिरते तसा, बारीक आवाज सुरू झाला होता. घर्र... घर्र... मग तो थांबला. भिंतीपलीकडचे जे तोंड हवे होते ते कॅमेऱ्याला सापडले होते.