बाराव्या ध्वनिमुद्रणातला षड्ज

अकरावे ध्वनिमुद्रण चौथ्या मिनिटाला बिघडले.

आधी ‘कट्’ असा बारीक आवाज आला, गरम तेलात मोहरीचा एकच दाणा तडकावा तसा. मग एकामागोमाग सात-आठ दाणे तडकले आणि एका शब्दाचा मधला तुकडा नाहीसाच झाला. मुबीन सतारमेकरने हेडफोन मानेवर ओढले आणि काचेपलीकडे हात वर केला.

काचेपलीकडे, आवाज शोषणाऱ्या भिंतींच्या खोलीत, ह. भ. प. कुमुदताई आठल्ये उभ्या होत्या. खुर्ची त्यांनी पहिल्याच दिवशी बाहेर काढायला लावली होती. कीर्तन उभ्यानेच करायचे. पायाखाली पांढरी चादर, हातात चिपळ्या आणि मानेभोवती करड्या रंगाचा पट्टा.

“पुन्हा खरखर?” त्यांनी विचारले. श्वास घेताना त्यांच्या घशात शिट्टीसारखा आवाज होत होता.

“हो, ताई. बसा जरा.”

“बसते. पण तुझ्या त्या लॅपटॉपला एकदा प्रसाद दे बाबा. तीन दिवस उपाशी दिसतोय.”

मिरजेच्या ज्या रुग्णालयाची ही कंठ-प्रयोगशाळा होती, तिथेच गुरुवारी सकाळी आठ वाजता कुमुदताईंचे स्वरयंत्र काढले जाणार होते. गाठ श्वासनलिकेवर रेलली होती. एक दिवसही पुढे ढकलणे शक्य नव्हते. त्या जागी कृत्रिम कंठ बसणार होता. तो कंठ त्यांच्या आवाजात बोलेल की कुणाच्याही, हे आजच्या ध्वनिमुद्रणावर ठरणार होते. पट्टा मानेतल्या नसांचा हुकूम वाचत होता, माइक आवाज ऐकत होता. कोणत्या हुकमाला कोणता आवाज, हे या दोन नोंदींवरून कंठाने शिकायचे होते. आज बुधवार होता.

तीन दिवसांत मुबीनने सुचेल ते सगळे करून पाहिले होते. वायर बदलली. हब काढून माइक थेट लॅपटॉपला जोडला. वायफाय बंद, ब्लूटूथ बंद, बॅटरी वाचवणारी सोय बंद. ड्रायव्हर नव्याने टाकला, बफर चौपट केला, माइक आणि लॅपटॉप दोघांचा सॅम्पल रेट एकसारखा केला. खरखर तशीच. आणि तिची रीतही विचित्र होती. नमन दर वेळी तेच असे, त्यात ती कधीच येत नसे. ताई निरूपणात रंगल्या, ऐनवेळी एखादा दाखला सुचला, एखाद्या ओळीला त्यांनी नवीन वळण दिले, की मोहरी तडतडायला लागे.

या शेवटच्या गोष्टीवर तो दोन तास विचार करत बसला, आणि मग त्याने शस्त्रक्रिया करणाऱ्या डॉक्टर शैला हेर्लेकरांना बोलावून घेतले.

“वायरीचा दोष नाही, मॅडम. पूर्वबोधकाचा आहे.”

“मला सर्जनला कळेल असं सांग.”

“कंठात जी चिप बसणार, तीच या लॅपटॉपमध्ये आहे. म्हणून तर दुसऱ्या कशावर रेकॉर्ड करता येत नाही. आता बघा, माणूस बोलतो आणि स्वतःचं बोलणं ऐकत बोलतो. ते ऐकू यायला थोडा जरी उशीर झाला तरी तो अडखळतो. कृत्रिम कंठात असा उशीर होणारच. हुकूम वाचायचा, मग आवाज तयार करायचा. तो टाळायला चिपमध्ये पूर्वबोधक घातलाय. पुढचा आवाज कोणता येणार, हे तो आधीच ओळखतो आणि तयार ठेवतो.”

“आणि ओळखायला चुकला तर?”

“तर स्वतःचा आवाज मध्येच तोडून खरा आवाज जोडतो. त्या सांध्यावर ‘कट्’ होतं. खरा आवाज पोचायला वेळ लागला तर मध्ये पोकळी राहते. ताईंची त्याला अजून ओळखच नाही. तो सारखा चुकतोय.”

“मग ओळख करून दे. त्यांचे शिष्य आहेत ना गावोगाव?”

शिष्य होते, आणि प्रेमळ होते. दुपारी एकपर्यंत गेल्या एकतीस वर्षांतली ध्वनिमुद्रित कीर्तने प्रयोगशाळेत येऊन पोचली. त्यात ताईंचे गाजलेले नावाड्याचे आख्यानच दोनशे साठ वेळा होते. वडिलांनी, अण्णांनी, रचलेले ते आख्यान: जन्मभर लोकांना देवळाच्या घाटावर सोडणारा नावाडी, ज्याला स्वतःला कधी दर्शनाला जायला मिळाले नाही, आणि त्याच्या नावेत एके संध्याकाळी उतारू होऊन बसलेला देव. मुबीनने ते सगळे पूर्वबोधकाला ऐकवले.

बारावे ध्वनिमुद्रण दहा मिनिटे चालले. एक दाणा तडकला नाही. पडद्यावर चूक दाखवणारी लाल रेघ सरळ, निश्चल राहिली. हेर्लेकरांनी मुबीनच्या पाठीवर थाप मारली.

“ऐकू दे मलाही,” कुमुदताई म्हणाल्या.

डोळे मिटून त्या ऐकत राहिल्या. आवाज दहा वर्षांपूर्वीसारखा टवटवीत होता. नावाडी उतारूला विचारतो, बाबा, तू कोण, त्या ओळीवर आवाज वर चढला, तार षड्जावर जाऊन थांबला आणि दिव्याच्या ज्योतीसारखा स्थिर राहिला.

ताईंनी डोळे उघडले.

“हा षड्ज कुणाचा?”

“तुमचाच, ताई.”

“नाही रे. मला आज तिथं पोचवेना. घसा ओढायला लागला, म्हणून मी ती जागा सोडली. खालच्या खाली ओळ संपवली. तुला काचेतून दिसलं नाही?”

मुबीनने पट्ट्याची नोंद उघडली. त्या क्षणी मानेच्या नसा शांत होत्या. ताई खरोखर थांबल्या होत्या. ध्वनिमुद्रणात मात्र कुणीतरी पूर्ण साडेपाच सेकंद षड्ज लावून धरला होता.

तो हेर्लेकरांकडे वळला. “मॅडम, अंदाज बरोबर आला की पूर्वबोधक अंदाजच ठेवतो. खरा आवाज दुबार म्हणून टाकून देतो. आणि आता त्याचा स्वतःवर इतका भरवसा बसलाय, की अशी एखादी सोडलेली जागासुद्धा त्याला माइकचीच चूक वाटते.”

“म्हणजे या दहा मिनिटांत—”

“ताई कुठंच नाहीत. लाल रेघ एकदाही हललेली नाही.”

“आणि कंठ यावरून शिकला तर?” कुमुदताईंनी विचारले.

खोटे सांगणे त्याला जमले नाही. “तर तुमच्या मनात काहीही आलं, तरी तोंडातून जुन्या कुमुदताई बोलतील. फार गोड बोलतील. कुणाला फरक कळायचा नाही.”

“मला कळेल.”

“पूर्वबोधक बंद कर,” हेर्लेकर म्हणाल्या.

“चिप एकच आहे. तो बंद केला की पट्ट्याचं वाचनही बंद. आणि शिकवलेलं पुसायचं तर चिप कारखान्यात पाठवावी लागते. तीन दिवस.”

भिंतीवरच्या घड्याळात पावणेचार झाले होते. हेर्लेकरांनी ताईंचा घसा तपासला. “फार तर वीस मिनिटं बोलू शकाल, ताई. त्यानंतर मी बोलू देणार नाही.”

“आधीची अकरा?” ताईंनी विचारले. “खरखरीची?”

“ती मी...” मुबीन खाली बघत म्हणाला, “खराब म्हणून पुसली.”

ताईंच्या चेहऱ्यावर राग दिसेना. त्यांनी हातातल्या चिपळ्या एकदा हलक्याच वाजवल्या. “तुम्ही सतारमेकर ना? मिरजेचे. घरी सतारी होतात?”

“अब्बा करतात.”

“मग सतारीत तो झणकार कसला असतो रे, तार छेडली की?”

“जवारी. तारांखालची घोडी बारीक घासून आणतात. तार घोडीला किंचित शिवत राहते. तो नसला तर आवाज मेल्यासारखा...” तो थांबला.

“म्हणजे तुमच्या घरी जे मुद्दाम घालतात, ते तू तीन दिवस काढत बसला होतास.” त्या हसल्या, आणि हसताना त्यांना खोकला आला. “आता सांग. याला अंदाज करता येणार नाही असं मी काय बोलू?”

“जे आजवर कधीच बोलला नाहीत ते. या एकतीस वर्षांच्या ध्वनिमुद्रणांत एकदाही नाही.”

कुमुदताईंनी चिपळ्या खाली ठेवल्या. मग अशी एक गोष्ट केली, जी मुबीनला त्या वेळी कळली नाही. त्या पांढऱ्या चादरीवरून खाली उतरल्या आणि नुसत्या फरशीवर उभ्या राहिल्या.

“ही नारदाची गादी. इथं देवाचं सांगायचं, स्वतःचं नाही. आमच्या अण्णांची शिकवण. म्हणून मी बाजूला उभी राहते. चालू कर.”

तेराव्या ध्वनिमुद्रणात कीर्तन नव्हते.

“अण्णा गेले त्या दिवशी माझं औदुंबराच्या पारावर कीर्तन होतं,” ताई सांगू लागल्या, आणि लाल रेघ फणा काढल्यासारखी उसळली. “पूर्वरंग संपला. मला हार घातला, बुक्का लावला. तेवढ्यात भावानं येऊन कानात सांगितलं, अण्णा गेले. मी हार सारखा केला आणि उत्तररंगाला उभी राहिले. नावाड्याचंच आख्यान. अण्णांचंच. लोक रडले. म्हणाले, काय ही निष्ठा. पेपरात आलं. गेली चाळीस वर्षं लोक ती गोष्ट सांगतात आणि मी मान खाली घालून ऐकते.”

मोहरी तडतडत होती. पोकळ्या पडत होत्या. मुबीनने हात जोडल्यासारखे तोंडाशी धरले होते.

“निष्ठा नव्हती ती. लोक रंगले होते, टाळ्या पडत होत्या, आणि मला त्या टाळ्या सोडवेनात. बापाच्या मरणापेक्षा मला त्या गोड लागल्या. एवढंच. हे मी देवाला सांगितलंय, पण मोठ्यानं कधी नाही.”

तार षड्ज लावायला त्यांच्यात बळ उरले नव्हते. तरी शेवटी त्यांनी अण्णांना हाक मारली, फाटक्या, थरथरत्या आवाजात, आणि लाल रेघ पडद्याच्या वरच्या कडेला जाऊन धडकली.

सगळे मिळून एकोणीस मिनिटे. कंठाला शिकवायला तेवढीच गेली.

पाच महिन्यांनी, कृष्णाकाठच्या एका लहान गावात, दुपारी चार वाजता कुमुदताईंचे पहिले कीर्तन होते. मुबीन खांबाला टेकून बसला होता. ताईंचा आवाज त्यांचाच होता, फक्त प्रत्येक ओळीत कुठे ना कुठे बारीक तडतड होती. हेर्लेकरांनी ती काढून देऊ म्हटले तेव्हा ताईंनी हात जोडले होते, “जवारी आहे ती, राहू दे.”

उत्तररंग सुरू झाला. नावाड्याचे आख्यान. नाव पाण्यात लोटली, उतारू येऊन बसला, आणि मुबीनला काहीतरी चुकल्यासारखे वाटले. क्षणभराने त्याच्या लक्षात आले. तडतड थांबली होती.

आवाज स्वच्छ होता. दहा वर्षांपूर्वीसारखा टवटवीत. लोक माना डोलावत होते.

कंठातला पूर्वबोधक पाच महिने, दर दिवशी, ताईंचा शब्दन् शब्द ऐकत होता. आणि हे आख्यान तर त्याच्या मूळ शिकवणीतच दोनशे साठ वेळा होते.

आवाज षड्जावर चढला. मुबीनची नजर ताईंच्या चेहऱ्यावर होती. त्यांनी ओठ मिटले. षड्ज थांबला नाही. मिटल्या ओठांआडून, घुमल्यासारखा, तो आपले साडेपाच सेकंद पुरे करूनच उतरला. समोर बसलेल्या बाया डोळे पुसत होत्या. ताईंच्या डोळ्यांत मात्र भीती होती, आणि ते डोळे गर्दीत मुबीनला शोधत होते.

त्याने मान हलवली. हो. तोच.

कुमुदताईंनी चिपळ्या खाली घेतल्या. पेटीवाला गोंधळून थांबला. नावाडी आणि देव पाण्याच्या मधोमध थांबले.

“इथून पुढं,” ताई म्हणाल्या, आणि शब्द अजून गुळगुळीतच होते, “इथून पुढं काय होतं ते तुम्हाला माहीत आहे. मलाही माहीत आहे. आणखीही एकाला माहीत आहे.” त्यांनी गळ्यावर बोट ठेवले. “म्हणून आज नावाडी उतारूला ‘तू कोण’ असं विचारणार नाही. तो म्हणतो, देवा, वल्हं तू धर, कारण मला आता झोपेतसुद्धा नाव चालवता येते, आणि झोपेत चालवलेली नाव माझी नाही.”

‘कट्’.

मग पुन्हा एकदा. मग मूठभर. मुबीन खांबापासून पुढे सरकला, आणि त्याच वेळी त्याला पुढचे सारे दिसले. हे वाक्यही आता पूर्वबोधकाने ऐकले होते. उद्या ते चालणार नव्हते. या गादीवर उभे राहून ताईंना जन्मभर कुठलीही गोष्ट दुसऱ्यांदा तशीच सांगता येणार नव्हती.

त्यांनाही ते कळले असावे. त्या पांढऱ्या चादरीवर पाय घट्ट रोवून उभ्या राहिल्या आणि नावाड्याचे पुढचे बोलणे शोधू लागल्या.

मुबीनच्या शेजारचे म्हातारे गृहस्थ कानाला हात लावत कुरकुरले. “खरखर केवढी येतेय. अहो, त्या माइकवाल्याला सांगा, वायर बघ म्हणावं.”

“येऊ दे, काका,” मुबीन म्हणाला. “येतेय तोवर ऐकून घ्या.”