मोहोर, रत्नागिरी

"हे नाव आता तुमचं नाही, बाई," तार ऑफिसच्या खिडकीतले कारकून म्हणाले, आणि मालनने पुढे केलेले मुदतीचे पैसे त्यांनी परत सरकवले.

त्या काळी तारेला शब्दागणिक पैसे पडत. म्हणून व्यापारी लोक लांबलचक पत्त्याऐवजी एकच शब्द तार ऑफिसात नोंदवून ठेवत. एका गावात एका नावाचा मालक एकच. 'मोहोर, रत्नागिरी' एवढं लिहिलं की मुंबईच्या आंब्याच्या दलालाची तार थेट मालनच्या वडिलांच्या, आप्पांच्या हातात पडे. नाव आजोबांनी ठेवलेलं. मुदत मात्र दरवर्षी वाढवावी लागे, आणि ग्रामदेवतेला गाऱ्हाणं घातल्याशिवाय हंगामाच्या कामाला हात लावायचा नाही, हा आप्पांचा नेम. यंदा सुतक आलं, गाऱ्हाणं लांबलं. मुदत काही देवाला विचारून संपत नाही!

"कोणी घेतलं नाव?" मालनने विचारलं.

"मी..." मागून आवाज आला.

तिने वळून पाहिलं. उंचनिंच तरुण, बोटं काजूच्या चिकाने काळवंडलेली, आणि डोळे असे की रागावणाऱ्याची पंचाईत व्हावी.

"मी भिवा. काजूगराचा कारखाना काढलाय. मोहोर काय, काजूलापण येतो..."

"येतो हो! पण त्याला विचारतंय कोण?"

"तुम्ही विचारलंत ना आत्ता... कोणी घेतलं म्हणून."

मालनला हसू आलं, आणि हसू आलं म्हणून आणखीच राग आला.

आता आंब्याच्या तारा काजूच्या कारखान्यात जाऊ लागल्या. बिचारा भिवा सायकल मारत त्या पोचवायला येई. पहिल्या दिवशी त्याच्या हातात तार बघून मालनची आई, यमुनाबाई, हंबरडा फोडून मोकळी झाली. तार म्हणजे कोणीतरी गेलं, एवढंच तिला ठाऊक! तेव्हापासून तो अंगणाच्या बेड्याबाहेरून, फाटकापासूनच ओरडे, "मावशी, सगळी ठणठणीत हायत! आंब्याची तार हाय!"

मग मालन पाणी घेऊन पुढे येई. तांब्या देताना नजर खाली... पण किती वेळ?

"नाव परत द्या ना," ती म्हणे.

"डब्यांवर नाव रंगवून झालंय."

"मग विकत द्या. आप्पा घेतील."

"विकायला नाय घेतलं. आणि दिलं, तर मग मी इथं..." तो थांबे, घाईघाईने पाणी पिई आणि हमखास ठसका लावून घेई.

एके दुपारी आप्पा पडवीत बसले होते. समोर नव्या पेट्या, पण त्यांवर नाव काय घालायचं हेच त्यांना सुचेना. "बापाचं नाव राखता नाय आलं मला," ते एवढंच बोलले. भिवाने ते ऐकलं. त्या दिवशी त्याने पाणीही घेतलं नाही.

दुसऱ्या दिवशी तारवाला शिपाईच दारात आला. भिवाने नाव सोडलं होतं आणि आप्पांना स्वतः तार ऑफिसात नेऊन ते त्यांच्या नावावर करवलं होतं. घरात साखर वाटली गेली. मालनही हसली. हवं ते मिळालं होतं की!

पण मग दर सायकलच्या घंटीला तिचा जीव दारात का धावत होता? शिपायाला पाणी देताना तिला कधी लाजायला झालं नाही. आपण नाव मिळवलं आणि माणूस घालवला, हे तिला लख्ख कळलं, आणि ती माजघरात जाऊन मुसमुसून रडली.

आठवडाभराने बेडं वाजलं. भिवा! हात रिकामे.

"तार नाय आणलीत?" मालनने कसंबसं विचारलं.

"नाय. आता तारा येत नायत माझ्याकडे."

"मग आलात कशाला?"

"तेच विचारायला..." त्याचे कान लाल झाले. "तार नसताना आलो तर... चालेल?"

"नाही चालणार," मालन म्हणाली.

त्याचा चेहरा पार उतरला. तो वळला, सायकलला हात घातला.

"एकटे आलात तर नाही चालणार," ती आता सरळ त्याच्याकडे बघत म्हणाली. "उद्या तुमच्या आईला घेऊन या. आप्पा घरीच आहेत."