एक ताट जास्त

हे खरं घडलेलं आहे. माझ्याच घरात, माझ्याच हातून. देवापुढे दिवा लावून लिहायला बसले आहे, त्यामुळे पदरचं काही घालणार नाही.

दिवस मंगळवार, २३ जानेवारी २००७. वेळ दुपारी बाराची.

हो, दुपारची. लख्ख ऊन होतं आणि उन्हात चमकणारा बर्फ.

आम्ही तेव्हा शिकागोजवळ शॉमबर्गला राहत होतो. मी, माझे मिस्टर केदार आणि साडेचार वर्षांची रुही. सगळी वस्ती अमेरिकन लोकांची. घरं सुंदर, एका ओळीत. पण माणूस दिसायचा नाही. सकाळी गॅरेजचं दार वर जायचं, गाडी बाहेर पडायची, दार खाली. संध्याकाळी तेच उलट. मधल्या वेळात इतकी शांतता की फ्रिजचा आवाजही मोठा वाटायचा. फोन न करता कुणी कुणाच्या दारात येत नसे. वर्षभर राहूनही समोरच्या पॅटबाईंशी माझी ओळख लांबून हात हलवण्याइतकीच होती.

माझा एक नेम आहे. लग्न झाल्यावर मिरजेला सासूबाईंनी दिलेला. दुपारी जेवायला बसण्याआधी दार उघडायचं, उंबऱ्यात उभं राहून तीनदा विचारायचं, "कुणी उपाशी आहे का? असेल तर जेवायला या." मग थोडं थांबायचं. कुणी आलं तर त्याला आधी वाढायचं, मग आपण बसायचं.

मिरजेत खरंच कुणी ना कुणी यायचं. कधी बोहारीण, कधी कल्हईवाला.

शॉमबर्गमध्ये कोण येणार? पण नेम तो नेम. मी हळूच दार उघडायची, हळूच विचारायची.

केदार चेष्टा करायचे. "शैला, बाहेर उणे दहा आहे. आपण अख्ख्या शॉमबर्गला हीटिंग देतोय."

त्या मंगळवारी रुही शाळेतून येऊन टेबलाशी बसली होती. मी दारातून परत आले, तर म्हणाली, "आई, दे डोन्ट नो मराठी. इंग्लिशमध्ये सांग ना."

मला हसू आलं. खरंच तर होतं पोरीचं. वर्षभर मी बोलावत होते, आणि कुणाला कळत नव्हतं.

मी पुन्हा दार उघडलं. माझ्या मोडक्या इंग्रजीत तीनदा म्हटलं, "इज एनीबडी हंग्री? प्लीज कम. फूड इज रेडी."

रस्ता रिकामा. सगळीकडे पांढरं. मी दार लावलं आणि ओट्याकडे वळले.

आणि मागे आवाज आला...

धप. धप.

बाहेरून येणारी माणसं बुटांचा बर्फ झटकायला पायपुसण्यावर पाय आपटतात ना, तसा. दोनदा.

मला वाटलं, केदार लवकर आले. जाऊन पाहिलं. कुणी नव्हतं. दार उघडलं. रात्री पडलेल्या बर्फावर रस्त्यापर्यंत एकही पाऊल उमटलेलं नव्हतं.

दार लावताना खाली लक्ष गेलं...

पायपुसणं दाराच्या आत होतं. आणि ते ओलं होतं.

स्वयंपाकघरात आले तेव्हा रुही आपली खुर्ची थोडी बाजूला सरकवत होती.

"काय गं, का सरकलीस?"

"जागा दिली," ती म्हणाली.

मुलांचे खेळ. मी लक्ष दिलं नाही. तिथेच चुकले.

त्या दिवसापासून रुही ताट स्वच्छ करू लागली. जिच्यामागे घास घेऊन धावायला लागायचं, ती पोर दहा मिनिटांत जेवून मोकळी. मी सासूबाईंना फोनवर कौतुकानं सांगितलं.

पण तीन वाजले की रुही रडायची. "आई, भूक लागली."

"अगं, आत्ता तर जेवलीस."

ती मानेनंच नाही म्हणायची.

मार्चमध्ये डॉक्टरांकडे नेलं. अडतीस पौंडांची मुलगी चौतीस पौंडांवर आली होती. रक्त तपासलं, सगळं तपासलं. काही निघालं नाही. डॉक्टर मला विचारत होते, घरी नीट जेवायला देता ना? मी गाडीत बसून रडले. तिच्या मनगटावरची बांगडी कोपरापर्यंत जायला लागली होती.

दुसऱ्या दिवशी ठरवलं, नजर हलवायची नाही. वरणभात वाढला, तूप घातलं, समोर बसले. रुही हात मांडीवर ठेवून गप्प बसून राहिली.

"जेव ना, बाळा."

"तू बघतेयस," ती म्हणाली.

तेवढ्यात कुकरची शिट्टी झाली. मी उठले, गॅस बंद केला, वळले. फार तर चार सेकंद.

ताट रिकामं होतं...

मी रुहीचे हात हातात घेतले. दोन्ही कोरडे. बोटांना भाताचं शीत नाही, तुपाचा ओशटपणा नाही.

तिच्या शेजारची खुर्ची टेबलापासून मागे सरकलेली होती.

दुपारी टपाल घ्यायला बाहेर गेले. समोर पॅटबाई होत्या. पहिल्यांदाच त्या रस्ता ओलांडून माझ्याकडे आल्या. हसून म्हणाल्या, "तुझी आई आलीय वाटतं राहायला? बरं झालं. मला माझ्या खिडकीतून दिसते. रोज दुपारी टेबलाशी, मुलीशेजारी."



पॅटबाईंचा आवाज खाली आला. "वाईट वाटून घेऊ नकोस... पण बिचारी किती घाईघाईनं जेवते."

माझी आई जाऊन सहा वर्षं झाली होती.

रात्री केदारना सगळं सांगितलं. त्यांनी चेष्टा केली नाही. रुहीच्या खोलीत जाऊन तिला बघून आले आणि म्हणाले, "उद्यापासून तो नेम बंद."

मी मिरजेला फोन लावला. तिथे सकाळ होती. सासूबाईंनी मध्ये न बोलता सगळं ऐकून घेतलं.

मग विचारलं, "तू बोलावलंस?"

"हो, आई."

"आणि ताट?"

"कसलं ताट?"

"पाहुण्याचं ताट गं. बोलावलंस आणि ताट वाढलं नाहीस?"

"कुणी येतच नव्हतं, आई. कुणासाठी वाढू?"



"मग आलेल्यानं कुणाच्या ताटात जेवायचं?" त्या म्हणाल्या. "आता नेम बंद करून काय उपयोग? आत आलेल्याला उपाशी उठवता येत नाही. वेगळं ताट वाढ. पोटभर वाढ. आणि पोरीला टेबलाच्या दुसऱ्या बाजूला बसव."

दुसऱ्या दिवशी वाढलं. मीठ, लिंबू, भाजी, पोळी, वरणभात. रुहीला घेऊन हॉलमध्ये गेले, देवाचं नाव घेत उभी राहिले.

आतून आवाज आला...

खण उघडल्याचा. चमच्यांचा खण.

जाऊन पाहिलं तर ताट रिकामं. शेजारी एक काटा, नीट ठेवलेला. मी काटा वाढायला विसरले होते.

त्या दिवशी रुही जेवली. माझ्यासमोर, स्वतःच्या हातानं, दोनदा भात मागून. मे महिन्यात ती परत अडतीस पौंडांची झाली.

पुढचं जवळजवळ दीड वर्ष मी रोज ते ताट वाढलं. एक दिवस चुकवला नाही. केदारनी पुन्हा विषय काढला नाही, पण दुपारी ते कधी घरी जेवले नाहीत.

२००८ च्या ऑगस्टमध्ये त्यांना न्यू जर्सीत नोकरी मिळाली. घर विकलं. घेणारं जोडपं तरुण होतं. कडेवर वर्षाचं बाळ, दोन्ही गालांना खळ्या. ते घर बघत होते तेव्हा त्या आईला सांगावं असं दहादा मनात आलं. पण काय सांगणार? तिनं मला वेडी समजून घरच नाकारलं असतं. केदारनी डोळ्यांनीच गप्प राहायला सांगितलं.

मी गप्प राहिले.

शेवटच्या दिवशी ताट वाढून म्हटलं, "आम्ही निघालो. चला आमच्याबरोबर." मराठीत म्हटलं, इंग्रजीत म्हटलं.

आता आम्ही न्यू जर्सीत पिस्कॅटवेला आहोत. इथेही मी बारा वाजता ताट वाढते, काट्यासकट. पहिल्या दिवशी वाढलं आणि तासाभरानं पाहिलं...

भात तसाच होता. पोळीचा तुकडाही मोडला नव्हता.

केदारना हायसं वाटलं. "सुटलो आपण," म्हणाले.

गेल्या महिन्यात पॅटबाईंचं ख्रिसमसचं कार्ड आलं. खाली दोन ओळी होत्या. नवे शेजारी चांगले आहेत. बाळाची मात्र काळजी वाटते, वाढच होत नाही, डॉक्टरांना काही सापडत नाही. आणि मग एक प्रश्न... तुझी आई अजून इथेच राहते का?

मी त्याच दिवशी त्या घराच्या पत्त्यावर पत्र टाकलं. जेवताना एक ताट जास्त वाढा, बाळाला त्यापासून लांब बसवा, कारण विचारू नका, एवढंच लिहिलं. खाली नाव, फोन नंबर.

तीन आठवडे झाले. फोन आलेला नाही. पॅटबाईंना फोन लावायचं धाडस होत नाही.

रुही समोर बसून पोटभर जेवते. ती जेवत असताना मी पाहुण्याच्या ताटाकडे बघत राहते, एखादा तरी घास कमी होतो का म्हणून.

आजही झाला नाही.