पालथं बाळ

"बाजूला व्हा, वन्सं! जीव घ्यायचाय का माझ्या लेकराचा?"

भावजयीचा तो आकांत ऐकून ती जागीच थिजली. मांडीवर बाळ पालथं होतं, त्याची इवलीशी पाठ तिच्या तळव्याखाली... आणि ती पाठ हलत होती! क्षणापूर्वी पाळण्यात उताणं निजलेलं ते लेकरू निळं पडलं होतं. तिने घाबरून उचललं, पालथं केलं, आणि अडलेला श्वास वाट सापडल्यासारखा परत आला. पण भावजयीला दिसलं ते एवढंच, की नणंदेने बाळाचं तोंड मांडीत दाबलंय!

आईवडलांमागे धाकट्या भावाला वाढवताना जिने स्वतःचा संसार मांडलाच नाही, तिला एकच वाक्य बोलता आलं असतं... 'उताणं तूच निजवलं होतंस.' पण ते ऐकून या कोवळ्या आईने जन्मात कधी स्वतःला क्षमा केली असती का? भाऊही खाली मान घालून उभा राहिला.

"दवाखान्यात न्या त्याला, एवढं ऐका," इतकंच ती म्हणाली.

तिथे दिवस धुक्यासारखे सरकू लागले. भावजय आत बाळाजवळ, ती बाहेरच्या बाकावर बसून राही. काचेपलीकडे पांढरे पडदे संथ हलत, आणि तिला वाटे, सगळी इमारतच त्या एका इवल्या छातीबरोबर श्वास घेते आहे...

एका दुपारी सिस्टरने तिला दंडाला धरून आत आणलं. इथली रीतच तशी होती. जबड्याचे सर्जन, श्वासाच्या डॉक्टरीणबाई, दूध पाजायला शिकवणारी ही सिस्टर, सगळे बाळाच्या खाटेभोवती एकत्र बसत, आणि घरचेही त्यांच्यातलेच.

"हनुवटी एवढीशी, पण रुबाब बघा साहेबांचा!" सिस्टर म्हणाली.

"जबडा लहान, म्हणून जीभ मागे पडते," डॉक्टरीणबाई समजावू लागल्या. "उताणं निजवलं की श्वासाची वाट बंद. पालथं केलं की जीभ पुढे येते. जबडा वाढेल हळूहळू, नाहीतर सर्जन आहेतच. पण घरी याला पालथं कोणी केलं होतं? त्या हातांनी वाचवलंय याला."

भावजयीचा चेहरा पांढराफटक पडला.

"वन्सं... पाळण्यात तर मीच... सांगितलं का नाहीत हो? मी तुम्हाला काय काय बोलले!"

"तुझं बोलणं मला पेलतं गं. ते ओझं तुला पेललं नसतं."

"मीही गप्प बसलो, ताई..." भावाला रडू फुटलं.

"रडारड नंतर!" सिस्टरने स्वतःचेच डोळे पुसले. "साहेबांना भूक लागलीय. अंगावर ओढता येत नाही त्यांना, घरी बाटलीने पाजायला दोघं तयार हवेत. एक आई. दुसरं कोण?"

भावजयीने बाळ उचललं आणि नणंदेच्या मांडीवर ठेवलं.

"आधी यांना शिकवा. मी बघून शिकेन."

बाळ कुशीवर, हातात मऊ बाटली. सिस्टर सांगू लागली, "चोखेल तेव्हा हलकेच दाबा... आता थांबा... श्वास घेऊ दे."

तिने दाबलं, थांबली. बाळाने घोट गिळला, श्वास घेतला... आणि शेजारी बसून तिच्या खांद्याला टेकलेली, कित्येक रात्री जागलेली भावजय केव्हाच गाढ झोपी गेली होती.