पंधरावी ओळ

सरका जरा शेगडीकडे, आणि ते फोन पालथे घाला. ही गोष्ट माझ्या कुंपणापलीकडे राहणाऱ्या लॉइड पेंडरची आहे. थोडी त्याने स्वतः सांगितली, थोडी त्याच्या बायकोने, आणि राहिलेली मी खोदून खोदून विचारून काढली. मला तेवढीच एक वाईट सवय आहे.

रविवार, तीन नोव्हेंबर, दोन हजार एकोणीस. त्याच पहाटे, हिवाळ्याच्या वेळेसाठी, सगळ्यांची घड्याळं तासभर मागे गेली होती. लॉइडच्या मनगटावरचं तेवढं जुन्याच वेळेवर चालत होतं. रात्रीचं जेवण आटोपलं आणि नॉर्माने धुतलेलं काचेचं भांडं नवऱ्याच्या हातात दिलं.

"स्टॅनचं भांडं देऊन ये. आणि त्याला तो जुना फोटो सापडलाय म्हणे, तोही आण."

"बघतो."

"भांडत बसू नकोस तिथे. सत्त्याहत्तर वर्षांचा आहेस तू."

"मी कधी भांडतो?" असं म्हणत लॉइडने कानातली यंत्रं बसवली आणि गाडी काढली.

आमच्या हार्लो लेक गावात सत्तरीपुढचा बहिरा पुरुष दिसला की तो ओंडके कापायच्या सॉ मिलचा, असं समजून चालायचं. मिल चालू होती तेव्हा करवत एकदा सुरू झाली की माणसाला स्वतःचा आवाज ऐकू येत नसे. म्हणून ती माणसं हातांनी बोलायची. आधी कामापुरतंच असेल. दोन बोटं म्हणजे दोन इंचाची फळी, मूठ म्हणजे थांब. पण शेवटी माणसंच ती. हळूहळू हातांनी शिव्या आल्या, विनोद आले, मुकादमाच्या चहाड्या आल्या. प्रत्येकाला हाताचं नाव पडलं. स्टॅन म्हणजे पोटावर थाप. गुरमेज सिंग म्हणजे डोक्याभोवती बोट फिरवायचं. आणि करवतीवरचा मुख्य कारागीर म्हणजे गालावर तळवा, कारण कामाच्या पहिल्याच दिवशी तो दाढ सुजवून आला होता.

त्या माणसाचं तोंडाने घ्यायचं नाव मात्र कुणालाच ठाऊक नव्हतं.

दुसऱ्या महायुद्धानंतर कुठल्याशा निर्वासितांच्या छावणीतून आलेला एकटा जीव. हजेरी लिहिणाऱ्या कारकुनाला त्याचं नाव लिहिता येईना, म्हणून त्याने 'जॉन स्मिथ' लिहून टाकलं. पगाराच्या कागदावर तेच, दवाखान्यात तेच, आणि एकसष्ट साली तो मिलमध्ये मेला तेव्हा थडग्यावरही तेच. मिल बंद पडून एकोणीस वर्षं झाल्यावर गावाला जाग आली, आणि तिथे मेलेल्यांच्या नावांचा एक दगड मिलच्या जागेवर उभा राहिला. चौदा नावं कोरून झाली होती. सोमवारी सकाळी आठ वाजता कोरणारा परत येणार होता आणि पंधरावं नाव कोरणार होता. जॉन स्मिथ.

दगड उभारणाऱ्या समितीतल्या शेरिलला लॉइडने चार वेळा फोन केला होता. "ते त्याचं नाव नाही."

"मग खरं सांगा ना, मिस्टर पेंडर," ती बिचारी दर वेळी म्हणायची. "मी तेच कोरायला लावते."

आणि लॉइड फोन आपटायचा. कारण खरं नाव त्याला सांगितलेलं होतं. एकदा नाही, तीनदा.

तेव्हा तो एकोणीस वर्षांचा होता. करवतीकडे ओंडका नेणाऱ्या गाड्यावर उभं राहायचं आणि समोरच्या कारागिराच्या बोटांकडे बघून काम करायचं. डबा खाताना, करवत बंद असताना, त्या माणसाने आपलं नाव त्याला सांगितलं. "एकदा नीट म्हण," म्हणायचा. "इथे कुणीतरी म्हटलं असं होऊ दे." लॉइड जीभ वेडीवाकडी करून दाखवायचा. बाकीचे हसायचे, तो माणूसही हसायचा. पुढच्याच महिन्यात वरच्या ओंडक्यांची साखळी तुटली. लॉइडला समोर फक्त दोन हात दिसले. खाली पड! तो पडला आणि ओंडका त्याला न लागता पाठीवरून गेला. समोरच्याला बाजूला व्हायला वेळ उरला नाही. होता तेवढा वेळ त्याने हातांत घालवला होता.

तर त्या रविवारी स्टॅनकडे गुरमेज आधीच येऊन बसला होता, हॉकीचा सामना लावून.

"आला कटकट्या," स्टॅन म्हणाला. "भांडं ठेव तिथे. टवका नाही ना उडवलास?"

"फोटो कुठाय?"

फोटोत वीसेक माणसं करवतीपुढे ओळीने उभी होती. तो कारागीर तिसरा, हाताची घडी घालून. लॉइडने घाईघाईने फोटो उलटला. मागे कुणीतरी सुबक अक्षरात सगळ्यांची नावं लिहिली होती. तिसरं नाव, जॉन स्मिथ.

"च्यायला!"

"तो लिथुआनियाचा होता," स्टॅन म्हणाला. "नावाच्या शेवटी 'स' होता, एवढं मला नक्की आठवतं."

"हंगेरीचा," गुरमेज म्हणाला. "माझ्या डब्यातल्या हिरव्या मिरच्या तो काकडीसारख्या खायचा."

"तुझ्या मिरच्या मीही खाल्ल्यात. मी हंगेरीचा झालो का?"

"ओय, तू एक खाल्लीस आणि दुपारभर नळाखाली जीभ धरून बसलास!"

दोघं खोकत खोकत हसले. लॉइड हसला नाही.

"त्याचे बूट आठवतात तुम्हाला. तंबाखू कुठली ओढायचा ते आठवतं. मिरच्या आठवतात! आणि नाव एकालाही आठवू नये?"

"तुला तर सांगितलं होतं त्याने," स्टॅन बोलून गेला.

 गुरमेजने टीव्हीचा आवाज बंद केला.

"लॉइड, ऐक माझं. काहीच कोरू देऊ नकोस."

"म्हणजे तो इथे नव्हताच?"

"दुसऱ्याच्या नावाने असण्यापेक्षा..."

"तू गप्प बस!" लॉइड उठला, फोटो खिशात कोंबला आणि दार आपटून निघाला.

घरी जायचा रस्ता तळ्याकाठून, मिलच्या जागेवरून जातो. गाडीतलं घड्याळ दहा वीस दाखवत होतं. मनगटावर अकरा वीस. थांबायचं काही ठरलेलं नव्हतं. त्या दगडाला चार शिव्या घालाव्यात, एवढंच मनात आलं आणि तो उतरला.

तिथे आता काही नाही. खडी, वाळकं गवत, आणि मधोमध दगड. वारा सुटला होता. वाऱ्यात कानातली यंत्रं शीळ घालतात. वैतागून त्याने दोन्ही काढून खिशात टाकली, आणि सगळं गप्प झालं.

टॉर्चच्या उजेडात त्याने चौदा नावं वाचली. सगळी ओळखीची. खाली गुळगुळीत जागेवर कोरणाऱ्याने पेन्सिलीने आखून ठेवलं होतं. जॉन स्मिथ. लॉइडने अंगठ्याने घासलं. थुंकी लावून घासलं. जाईना.

घासता घासता त्याला वाटलं, कुणीतरी बघतंय.

त्याने समोर पाहिलं. कुणी नव्हतं.

मग मान वर केली.

मिल लाकडी खांबांवर उभी होती, पोरांनो. करवत होती तो मजला जमिनीपासून आठ फूट उंच. ते खांब, तो मजला, सगळं कधीच भंगारात गेलंय. पण तो तिथेच उभा होता. तेवढ्याच उंचीवर. त्याच्या बुटांचे तळ लॉइडला खालून दिसत होते. आणि अंतर पूर्वी असायचं तेवढंच. अठरा फूट.

चेहरा अंधारात. हात मात्र स्पष्ट.

हात हलले.

'जाड झालास.'

लॉइडला पळायचं होतं. पाय जागचे हलेनात. हलले ते हात, त्याला न विचारता.

'तू नाही झालास.'

'पोट कुणाचं? स्टॅनचं आणलंस?'

लॉइडच्या घशातून काहीतरी निघालं. हसू होतं की काय, त्यालाच कळलं नाही. थंडीने तोंडातून वाफ येत होती. त्याच्या एकट्याच्याच.

'काम कधी सुटतं?' वरच्या हातांनी विचारलं.

काय सांगणार...

'कधी सुटतं?'

 लॉइडने उलट हातांनी विचारलं, 'तुझं नाव?'

वरच्याने गालावर तळवा ठेवला.

'ते नाही. खरं. तोंडाचं.'

गालावर तळवा.

'तोंडाचं! उद्या सकाळी... ते दुसरंच...' पुढे हात अडले. मिलच्या बोलीत दगडाला खूण नव्हती. कोरण्याला नव्हती. माफ कर म्हणायला तर नव्हतीच.

वरचे हात खाली आले. बाजूला लोंबत राहिले.

आणि त्याने तोंड उघडलं.

बोलला तो.

आता लॉइडला ओठही दिसले. मिटले, उघडले, पुन्हा मिटले... आवाज नाही. यंत्रं खिशात! त्याने खिसा उपसला. एक खडीत पडलं. दुसरं हाताला लागलं, पण कानात जाईना. उजव्या हाताने लॉइड खूण करत होता. कानाजवळून उघडा तळवा पुढे. 'ऐकू आलं नाही. पुन्हा.'

वरचा पुन्हा बोलला. न रागावता.

'पुन्हा.'

पुन्हा बोलला.

यंत्र कानात बसलं.

आणि करवत सुरू झाली.

कुठून, ते विचारू नका. तीच करवत. कानात. दातांत. कवटीत. तिच्यापुढे काही उरेना. वर ओठ हलतायत... आणि लॉइड ओरडतोय, "बंद करा! कुणीतरी बंद करा रे ती!" त्याचं त्यालाही ऐकू येत नव्हतं.

ओठ हलले.

मग थांबले.

करवतही थांबली.

वर कुणी नव्हतं...

सकाळी पावणेआठला त्याने शेरिलला फोन केला. "ते नाव पुसा. जागा रिकामी सोडा."

"किती दिवस, मिस्टर पेंडर?"

"मला ऐकू येईपर्यंत."

पोरगी काय समजली कोण जाणे, पण तिने ऐकलं. पंधरावी ओळ अजून कोरी आहे. उद्या उजेडी जाऊन बघा हवं तर.

आता एवढंच असतं तर मीही म्हटलं असतं, म्हातारा माणूस, काळोख, मनाचे खेळ. पण तिसऱ्या रात्री नॉर्माला जाग आली. लॉइड उताणा झोपला होता आणि त्याचे ओठ हलत होते. तिने त्याच्या तोंडाला कान लावला. आवाज नाही, कुजबुज नाही. पुढच्या रात्रीही तेच. तेच ओठ, त्याच क्रमाने. शेवटी तिने फोनवर चित्रण केलं आणि पुढच्या आठवड्यात बुधवारी, लॉइड डॉक्टरकडे गेला असताना, ते स्टॅनच्या टेबलावर ठेवलं. मला राहवलं नाही, मीही गेलो होतो मागोमाग.

स्टॅन आणि गुरमेज, दोघांनी चाळीस चाळीस वर्षं करवतीच्या गोंगाटात माणसांचे ओठ वाचलेले. फोनवर नाक टेकवून बसले.

"शेवटी 'स' आहे. मी सांगत होतो!" स्टॅन म्हणाला.

"कुठाय 'स'? डोळे तपासून घे."

"तुझ्या हंगेरीत असलं नाव असतं का?"

"ओठांवर भांडू नका रे," नॉर्मा म्हणाली. तिचा आवाज नेहमीचा नव्हता. "खाली बघा."

आम्ही फोनच्या पडद्यावर खाली बघितलं.

लॉइडचे डोळे मिटलेले. ओठ थांबले. मग पांघरुणातून त्याचा उजवा हात वर आला. कानापाशी गेला. उघडा तळवा पुढे झाला.

ओठ पुन्हा हलले.

पुन्हा हात...

गुरमेजने फोन पालथा घातला. नॉर्मा म्हणाली, हे पहाटे चारपर्यंत चालतं.