फुलांच्या रांगेतला हत्ती

तंतू आणि चुकतो? लास्याचा आपल्या कानांवर विश्वासच बसेना. सोलापुरातल्या येमूलांच्या कारखान्यात चादरी विणणारा हा यंत्रमानव (माणसासारखी कामं करणारं यंत्र) सुताएवढीही चूक करत नसे. आणि आज तिचे ताता, म्हणजे आजोबा, एक चादर फडकावत गरजत होते, "बघ की! फुलं कुठं जवळ, कुठं लांब! असला माल कोण घेणार? दुपारी भंगाराची गाडी येतीय. जाऊ दे या तंतूला त्यात."

लास्या हादरलीच. तंतूच्या पायाशी खेळतच ती लहानाची मोठी झाली होती. तिनं विनवण्या केल्या, रडून पाहिलं. पण ताता एकदा तापले की कुणाचं ऐकतील तर शपथ! चादर भिंतीवरच्या खुंट्यांना अडकवून ते तरातरा निघून गेले.

लास्या सुन्न होऊन चादरीकडे बघत राहिली. बघते कसली, नजर पार भिंतीपलीकडे हरवली होती. एका फुलाची दोन झाली, शेजारच्या फुलावर सरकली आणि... अगं बाई! समोर हत्ती उभा! सोंड, कान, शेपूट सगळं फुलांचंच, पण बाकीच्या फुलांपुढे वीतभर तरंगणारं. लास्या किंचाळून मागे सरली. डोळे चोळून पाहिलं, तर नुसती फुलं.

"तंतू, हे काय भूत विणलंस?"

"भूत नाही, हत्ती," तंतू म्हणाला. "ताता म्हणाले, चादरीवर फुलांशिवाय काही दिसता कामा नये. तू म्हणालीस, वाढदिवसाला हत्ती हवा. मी दोघांचं ऐकलं."

ऐका! दोन दगडांवर पाय ठेवून हा गडी निवांत उभा होता.

"पण लपवलास कसा?"

"तुझे दोन डोळे एकमेकांपासून थोडे दूर आहेत, म्हणून दोघांना जग जरा वेगळं दिसतं. त्या फरकावरून मेंदू खोली (वस्तू किती जवळ, किती लांब) ओळखतो. तू चादरीपलीकडे बघितलंस, तेव्हा डावा डोळा एका फुलावर होता आणि उजवा त्याच्या शेजारच्या फुलावर. फुलं हुबेहूब सारखी, म्हणून मेंदूला वाटलं, दोघांनाही एकच फूल दिसतंय. फुलांमधलं अंतर कमी केलं की ते फूल जवळ भासतं, वाढवलं की लांब. मी हत्तीच्या आकारापुरतं अंतर किंचित कमी केलं. तूसुद्धा कागदावर टिकल्यांच्या रांगा चिकटवून करशील. फक्त दोन टिकल्यांमधलं अंतर दोन डोळ्यांमधल्या अंतरापेक्षा कमी ठेव."

लास्या धावत जाऊन तातांना ओढून घेऊन आली. "नजर सैल सोडा, ताता. चादरीच्या पलीकडे बघा."

ताता बघत राहिले. दारात गाडीचा भोंगा वाजला.

"काही दिसत नाही."

"अहो, नीट बघा ना!"

ताता खाली बसले. "माझा डावा डोळा बघतच नाही गं. पोरवयात मागावरचा धोटा (आडवं सूत नेणारा लाकडी तुकडा) उडून लागला. काम जाईल म्हणून कुणाला सांगितलं नाही. पुढं ते राहूनच गेलं."

लास्याच्या पायाखालची जमीन सरकली. रोज ज्यांच्या ताटाला ताट लावून जेवायचं, त्यांच्याबद्दल एवढंही ठाऊक नव्हतं! आणि एकाच डोळ्यानं बघितलं तर फरक कळणार कशाशी ताडून? तातांना हा हत्ती कधीच दिसणार नव्हता.

तिनं डोळे पुसले. मग चादरीच्या काठाजवळच्या दोन फुलांमधल्या अंतराएवढं सूत तोडलं आणि एकेका रांगेवर ताणून धरत गेली. जिथं सूत सैल पडलं, तिथं खडूनं खूण केली. बघता बघता तातांनीही दुसरा खडू उचलला. शेवटची रांग झाली, आणि चादरीवर पांढऱ्या खुणांचा हत्ती उभा राहिला.

"अरे देवा!" तातांच्या हातातला खडू गळून पडला. "म्हणजे एकेक फूल यानं मुद्दाम सरकवलं? आणि मी याला भंगारात घालत होतो!"

गाडी रिकामीच परत गेली. ताता तंतूजवळ गेले आणि ओशाळून म्हणाले, "माझ्यासाठीही असा एक हत्ती वीण, बाबा. टॉवेलाला सोडतात तसे सुताचे उंच फासे सोड, बोटांना लागतील असे. जमलं तर ज्यांना दोन्ही डोळ्यांनी दिसत नाही, त्या पोरांसाठीही विणू."

संध्याकाळी नवी चादर मागावरून उतरली. तातांनी डोळे मिटले आणि तिच्यावरून हळूहळू बोटं फिरवली. पाय, पोट, कान... बोटं सोंडेपाशी पोचली आणि ताता दचकून ओरडले,

"लास्या, अगं, हा तर खरंच बाहेर आलाय!"